मास्तरांची खुर्ची

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोचलो एकदाचे. आमचे हे म्हणतात, पोचलो काय, मी पोचवलं म्हण. असू दे बापडे. अख्खी हयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवण्यात गेली, त्यामुळे स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात देणं यांच्या जिवावर येतं. घाटात थोडा वेळ मी चालवली, तर शेजारी बसून पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर दाबत होते. समोर साधी शेळी आली तरी दाबतात. सगळं जग यांना ‘मास्तर’ म्हणतं, मीही चिडवायला तेच म्हणते.

निवृत्त झाल्यावर लोक समुद्रावर जातात, नातवंडांकडे जाऊन राहतात. आम्ही लहान लहान गावांतली संग्रहालयं बघत हिंडतोय. लेक म्हणाली, आई, तुम्हा दोघांचं डोकं ठिकाणावर आहे ना? हौसेला मोल नाही, दुसरं काय. परवा एका गावात नुसती कुलपंच होती, भिंतभर, आणि खुद्द संग्रहालयाची किल्ली ज्याच्याकडे, तो केस कापायला बसलेला. गळ्यात फडकं तसंच ठेवून आला बिचारा दार उघडायला. त्याआधीच्या गावात पेंढा भरलेलं एक अस्वल होतं आणि त्याच्याखाली पाटी, ‘अस्वल मूळचे असे नव्हते, क्षमस्व.’ ती आठवून हे अजून गाडीत एकटेच हसतात.

आमचा एक खेळ आहे. जिथे ‘उपयोग अज्ञात’ असं लिहिलेलं असतं, तिथे आपण इतिहास रचायचा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना लेबलं लावण्यात जन्म घालवला. लेबल नसलेली वस्तू दिसली की माझा हात शिवशिवतो. हे नुसतं ऐकून हसतात आणि एखादा शब्द वरून टाकतात, तोच नेमका फर्मास असतो.

खोली बेकरीच्या वर मिळाली आहे. जमीन एका बाजूला उतरती, पेन्सिल ठेवली की घरंगळत खिडकीखाली जाते. पावाचा वास उशीपर्यंत येतो. यांनी तेवढ्यात बेकरीवाल्याशी दोस्ती करून त्याच्या पावाच्या गाडीत बसून बघितलं आणि क्लच गेलाय म्हणून सांगून आले. उद्या संग्रहालय, परवा पुढचं गाव. फार छान वाटतंय. इतकं छान वाटलं की माझी मलाच दृष्ट लागेल, म्हणून आता लिहिणं पुरे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज खूप हसलो.

संग्रहालय जुन्या वजनकाट्याच्या इमारतीत आहे. तीन खोल्या, फरशी थंड, खिडक्यांना निळा रंग. सांभाळणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असतील, चष्म्याची दोरी गळ्यात, बोलणं अगदी हळू. मी मनात त्यांचं नाव चष्मेवाल्या बाई ठेवलं. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. मागे कधीतरी नदीला पूर आला आणि गावाचे सगळे कागद वाहून गेले. मागे राहिल्या त्या नुसत्या वस्तू, चिखलातून काढलेल्या. कोणती कोणाची, ठाऊक नाही. मग गावाने पद्धत पाडली की प्रत्येक वस्तूपाशी एक कोरी चिठ्ठी आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल ठेवायची. ज्याला माणूस ओळखता येईल त्याने लिहायचं. लिहिलं की ते गाव खरं धरतं. मी विचारलं, कुणी खोटं लिहिलं तर? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, आपल्या गेलेल्या माणसाबद्दल कोण कशाला खोटं लिहील?

चिठ्ठ्या मात्र वाचण्यासारख्या आहेत. एका छत्रीपाशी लिहिलंय की ही काकांची, ऊन असो पाऊस असो ते ती नेत आणि नेमकी परत आणायला विसरत. एका शिवणयंत्रापाशी नुसतं ‘आई’ एवढंच आहे. 

तिसऱ्या खोलीत खुर्ची. साधी लाकडी, बैठक वेताची, डाव्या हाताचं पॉलिश घासून गेलेलं. समोर जाड दोर बांधलेला. चिठ्ठी कोरी. बाई चहा टाकायला आत गेल्या होत्या, पेन्सिल समोर लोंबत होती, आणि आमचा तो खेळ. मग काय, मी माझ्या लेबलांच्या गोल अक्षरात लिहिलं, ‘मास्तरांची खुर्ची. मास्तर लोकांना गाडी शिकवत. एकदा दमून येऊन या खुर्चीत बसले, ते बायकोने कितीही हाका मारल्या तरी उठले नाहीत.’ हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि ‘मास्तरांची’ याच्या आधी ‘कै.’ घातलं. काम अर्धवट ठेवू नये म्हणाले.

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी सावकाश वाचली, ट्रे खाली ठेवला आणि माझा हात दाबला. इतका वेळ दाबून धरला की गंमत केली असं सांगायची मला लाज वाटली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, बाईसाहेब, तुम्ही मला मारलंत. आणि परत हसायला लागले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज निघायचं होतं, निघालो नाही.

सकाळी जाग आली तर हे शेजारी नाहीत. वाटलं, खाली क्लच बघायला गेले असतील. खाली विचारलं तर बेकरीवाल्याने काल संध्याकाळी क्लच एकाएकी गेला म्हणून सांगितलं, आणि वर म्हणाला की आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, अहो, आमच्या यांनी परवाच नाही का सांगितलं? त्याने मान हलवली, जशी आपण लहान मुलाला बरं बरं म्हणून हलवतो तशी.

हे संग्रहालयात होते. दोराच्या आत, त्या खुर्चीत, हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. मी रागावले, माझा स्वभावच तो. जिथे बसू नये तिथे नेमकं बसायचं. दोन हाका मारल्या तरी ऐकेनात. मग खांद्याला धरून हलवलं तेव्हा उठले. म्हणाले, पाय जड झालेत, पण काय सुंदर झोप लागली होती. चष्मेवाल्या बाई दारातच होत्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. पण त्यांनी यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या की चिठ्ठीला काच लावली आहे, आता खराब व्हायची नाही.

नाश्त्याला बेकरीवाल्याने एकच कप आणला. दुसरा मागितला तर आणून टेबलाच्या मधोमध ठेवला, कुणी येणार असल्यासारखा. हे समोर बसलेले. वय झालं की लोकांचं लक्ष नसतं, असं हेच म्हणाले आणि कप स्वतःकडे ओढून घेतला. चहा मात्र तसाच राहिला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं जागेवर राहील.

सकाळी यांना पुन्हा खुर्चीतून उठवून आणलं. या वेळी फार वेळ लागला. सामान भरलं. हे गाडीत बसले, किल्ली हातात घेतली आणि बसूनच राहिले. मग मला विचारलं, हिचं काय करायचं असतं? मला वाटलं थट्टा करताहेत. चेहरा बघितला तर थट्टा नव्हती. अर्ध्या जिल्ह्याला गाडी शिकवलेला माणूस किल्लीकडे बघत होता, आणि त्याला लाज वाटत होती. मी म्हटलं, सरका, मी चालवते, आता मोठ्या गावात डॉक्टरच गाठू.

पट्टा मी स्वतः लावला यांना. बाजार गेला, शाळा गेली. हे बोलत होते, अस्वलाचंच काहीतरी, आणि पूल चढता चढता वाक्य मध्येच थांबलं. मी शेजारी बघितलं. सीट रिकामी. पट्टा तसाच लावलेला, खटक्यात अडकलेला. दार बंद. काच वर.

गाडी वळवली कशी ते मला माहीत नाही. पुलाखाली बघितलं, झाडीत बघितलं, कुठे बघायचं ठेवलं नाही. आणि सगळा वेळ मला ठाऊक होतं हे कुठे आहेत. तिथेच होते. हात हातांवर. मी पायाशी बसून रडले तेव्हा केसांवरून हात फिरवला. म्हणाले, तू जाऊन आलीस का कुठे?

८ नोव्हेंबर, शनिवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोरी चिठ्ठी होती, कोरीच राहू द्यायची होती.

काच फोडली. बोट कापलं. चिठ्ठी फाडून तुकडे नदीत टाकले. परत आले तर चष्मेवाल्या बाई नवीन चिठ्ठी लावत होत्या. त्यांच्या अक्षरात, पण शब्द न शब्द माझा, ‘कै.’सकट. रागावल्या नाहीत. माझं बोट धुऊन पट्टी बांधली.

मी सगळं कबूल केलं. आमचा खेळ, आमची थट्टा, हे जिवंत आहेत, हे बघा इथे बसलेत, तुम्हीच त्या दिवशी दोन कप चहा आणला होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं.

मग मी दुसरी चिठ्ठी लिहिली. ‘मास्तर हाकेसरशी उठले आणि बायकोबरोबर घरी गेले.’ त्यांनी ती घेतली, वाचली आणि कपाटाचा खण उघडून दाखवला. खण भरलेला होता. उठले आणि घरी आले. ताप उतरला आणि घरी आली. पोहत काठाला लागला, घरी आला. वेगवेगळ्या बायकांची अक्षरं, सगळ्यांचं एकच लिहिणं. बाई म्हणाल्या, आम्ही फेकत नाही यातलं काही. फक्त भिंतीवर लावत नाही, कारण तसं झालं नव्हतं. माझी चिठ्ठी वरच ठेवली आणि खण लावून घेतला.

९ नोव्हेंबर, रविवार

लेकीला फोन केला. तुझ्या बाबांना घ्यायला ये म्हटलं, माझ्याच्याने उठत नाहीत.

ती फार मऊ आवाजात म्हणाली की आई, बाबांना जाऊन किती दिवस झाले. तू एकटी फिरायला निघालीस तेव्हाच मला काळजी वाटत होती. बाबांना ही संग्रहालयं बघायची होती म्हणून तू निघालीस. मी अडवायला हवं होतं.

मी तिच्यावर ओरडले. गेल्या आठवड्यातच बोललीस ना तू त्यांच्याशी, टायरमधल्या हवेवरून दोघं भांडलात. ती रडायला लागली. म्हणाली, असं नको करू आई.

माझीच पोर. तिला काही ठाऊक नाही. तिच्यातूनही काढून घेतलं त्यांना.

१० नोव्हेंबर, सोमवार

दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथेच असते. बाई काही म्हणत नाहीत, मला एक स्टूल दिलंय.

हाका मारते. आधी रागाने मारल्या, मग गोडीने, मग नुसत्याच. अहो. अहो, ऐकलंत का? जन्मभर यांना नावाने हाक मारली नव्हती, आज तीही मारली. पापणी हलली नाही.

एक जोडपं आलं बघायला. आमच्यासारखंच, हातात नकाशा, एकमेकांना कोपरं मारत हसणारं. चिठ्ठी वाचून त्या बाईने डोळे पुसले. तिच्या नवऱ्याला उकडत होतं. त्याने कोट काढला आणि खुर्चीवर टाकला, यांच्या मांडीवर. यांचे हात दिसेनासे झाले. मी धावत जाऊन कोट भिरकावला. तो घाबरला, त्याला वाटलं, म्हातारीला वेड लागलंय.

दुपारी रस्त्यावरून ट्रक गेला, मोठ्याने हॉर्न देत. यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. ब्रेक. मी बघितलं. मी स्वतः बघितलं. आत आहेत ते अजून, माझे मास्तर. मी त्या पायावर डोकं ठेवलं आणि मग दिवसभर ट्रकची वाट बघत बसले — दुसरा आला नाही.

११ नोव्हेंबर

आज एक वाईट गोष्ट झाली. मला एक आठवण आली.

इस्पितळाची खोली. हिरवी चादर. यांचा हात माझ्या हातात, नखं निळसर. लेक खिडकीपाशी उभी. डॉक्टर हळूच म्हणतात, त्रास झाला नाही त्यांना. मी म्हणते, बरं झालं.

हे झालेलं नाही. मी कधीच त्या खोलीत नव्हते — पण चादरीचा वास आठवतोय. औषधाचा आणि साबणाचा.

आणि सगळ्यात भयंकर म्हणजे ती आठवण मऊ आहे. तिच्यात मी रडून मोकळी झाले आहे. तिच्यात लोक येऊन गेलेत, मी यांचे कपडे वाटून टाकलेत, मी परत जेवायला लागले आहे. तिच्यात शिरलं की छातीतलं दुखणं थांबतं. मी मुद्दाम बोटाची पट्टी काढली आणि जखम दाबत बसले, म्हणजे इथे राहीन.

लिहून ठेवते. यांना लोणी आवडतं, साय आवडत नाही. झोपेत गिअर बदलतात. माझ्यावर रागावले की भांडी घासायला घेतात. हे आहेत. होते नाही, आहेत.

१२ नोव्हेंबर

लेक आली. गळ्यात पडून रडली. कपाळावर बापाचीच आठी —

तिला तिसऱ्या खोलीत नेलं. बघ म्हटलं. तिने बघितलं. रिकामी खुर्ची आहे आई. हात लाव म्हटलं. तिने बैठकीवरून हात फिरवला, यांच्या छातीतून, आरपार — आणि तिथल्या तिथे खाली बसून रडली. माझ्यासाठी रडली. बाबांसाठी नाही. त्यांच्यासाठी रडून झालंय तिचं.

मला तर पाठ दिसते आहे. पूर्वीइतकी नाही. कॉलर दिसते — उजेड असला की पलीकडचा वेत दिसतो —

चष्मेवाल्या बाई आणि ती बाहेर हळू आवाजात बोलत होत्या. उद्या सकाळी निघायचं, असं ठरवलंय दोघींनी. मला कुणी विचारलं नाही. मी येणार नाही म्हटलं. तिने हात जोडले. आई, बाबा गेले, आता तू पण नको ना जाऊस. पोटच्या पोरीने हात जोडले तर काय करायचं? इकडे हे, तिकडे ही. कुणाला सोडू?

१३ नोव्हेंबर, सकाळ

निरोप घ्यायला गेले. लेकीला दारात थांबवलं.

यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, पोरीला घरी पोचवते आणि लगेच येते. तुम्ही बसा. हलू नका. मग हसू आलं, हलू नका काय म्हणतेय मी, इतके दिवस हलवायलाच —

बोलले. देवाशपथ बोलले. ओठ हलले, आवाज आतून, लांबून. म्हणाले, मला ऐकू येतात गं तुझ्या हाका. सगळ्या ऐकू येतात. थांबू नकोस. थोड्याच राहिल्यात, मग उठतो.

मी हाका मारायला लागले. मोठमोठ्याने. लेक धावत आली. बाई आल्या. दोघींनी मला धरलं — यांची बोटं खुर्चीच्या हातावरून सुटत होती, एकेक — मी बघितलं, करंगळी सुटली, अंगठा — उठत होते — सोडा मला, उठताहेत ते —

१३ नोव्हेंबर, गाडीत

लेक चालवते आहे. तोंडाला पाणी लावलं, गोळी दिली. वही हातात आहे तोवर लिहिते.

ऊन छान आहे. शाळा गेली.

पुढे पूल.

यांना लोणी आवडतं. हे झोपेत — झोपेत काहीतरी करतात —

पूल गेला.

रडून बरं वाटतंय. लेक म्हणते घरी गेल्यावर नीट जेव. जेवीन. इस्पितळात शेवटी त्रास झाला नाही यांना, हे एक बरं झालं.

गाडी थांबव म्हटलं मी आत्ता. जोरात म्हटलं. तिने बाजूला घेतली. कशासाठी आई, विचारते आहे. सारखी विचारते आहे. मला सांगता येत नाही — कशासाठी ते — हाक मारायची होती. कुणाला तरी हाक मारायची राहिली आहे. कुणीतरी बसलंय, माझी हाक आली की उठायचं म्हणून, कान देऊन — कोण ते — थोड्याच राहिल्यात म्हणाले होते — कोण म्हणाले —

ती गाडी सुरू करते आहे. थांब गं, जरा थांब, आठवेल मला, अगदी ओठांवर आहे, अहो —